आहोनेनला कोणत्या पट्टीने मोजायचं?

हिवाळी ऑलिम्पिकचे दिवस जवळ आले की स्की जम्पिंगच्या, म्हणजे स्कीवरून बर्फाच्या उतारावर लांब उडी मारण्याच्या खेळाच्या, चाहत्यांमध्ये एक जुना वाद हटकून उकरला जातो. फिनलंडच्या यान्ने आहोनेनला सर्वकालीन थोरांच्या रांगेत बसवायचं की नाही? एक बाजू म्हणते, सात ऑलिम्पिक खेळून ज्याला एकही सुवर्ण मिळालं नाही, त्याला थोर कसं म्हणायचं? दुसरी बाजू त्याची वकिली करायला उभी राहते आणि वाऱ्याला, पंचांना, नशिबाला बोल लावते. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि त्यातही दुसरी जास्त. कारण नशिबाचं रडगाणं गाणारा माणूस पहिल्याचं मूळ म्हणणं नकळत मान्य करून बसतो: कारकिर्दीचं मोल सुवर्णपदकावरच ठरतं, या बिचाऱ्याच्या वाट्याला ते आलं नाही इतकंच. माझं म्हणणं असं आहे की आहोनेनची कारकीर्द अपुरीही नाही आणि दुर्दैवीही नाही. ती मोजायला आपण जी पट्टी हातात घेतो, तीच या खेळाला पुरत नाही.

आधी माणूस कोण ते पाहू. जन्म १९७७चा, गाव लाहती. हेलसिंकीच्या उत्तरेला असलेल्या या शहरात स्की-उडीचे उंच मनोरे दुरूनच नजरेत भरतात, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळलं की मोठ्या उताराच्या पायथ्याशी लोक पोहायला येतात. अशा गावात वाढलेलं पोर उडी मारणारच. पंधराव्या वर्षी तो विश्वचषक मालिकेत, म्हणजे दर हिवाळ्यात ठिकठिकाणी होणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेत, उतरला आणि चाळिशी ओलांडल्यावर थांबला. मधल्या पंचवीस वर्षांत त्याने विश्वचषकाच्या ३६ वैयक्तिक स्पर्धा जिंकल्या आणि १०८ वेळा पहिल्या तिघांत आला. २००३-०४ आणि २००४-०५ असे लागोपाठ दोन मोसम तो एकूण विजेता होता, आणि त्यातल्या दुसऱ्या मोसमात तर एकट्याने १२ स्पर्धा जिंकल्या. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत पाच सुवर्णं, त्यातली दोन वैयक्तिक: १९९७ला ट्रॉन्डहाइममध्ये आणि २००५ला ओबर्स्टडॉर्फमध्ये. आणि नाताळानंतर जर्मनी-ऑस्ट्रियात चार ठिकाणी होणारी, ‘फोर हिल्स’ नावाने ओळखली जाणारी मालिका त्याने पाच वेळा जिंकली. ऑलिम्पिकमध्ये मात्र दोन रौप्यपदकं, तीही सांघिक. वैयक्तिक प्रकारात १९९८ला चौथा, २००२ला चौथा, २०१०ला पुन्हा चौथा.

आता विरोधकांचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीने मांडू या, नाहीतर वादाला अर्थ नाही. ते म्हणतात, ऑलिम्पिक चार वर्षांनी एकदा येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रत्येक खेळाडू आपलं शरीर, साहित्य, सराव सगळं त्या दिवसासाठी जुळवून आणतो. म्हणजे सगळे आपल्या परमोच्च तयारीत असतात तो हा एकच दिवस, आणि त्या दिवशी जिंकणं हेच खरं जिंकणं. वारा सगळ्यांनाच असतो. फिनलंडच्याच मॅटी निकानेनला तो आडवा आला नाही. वैयक्तिक स्पर्धा लहान आणि मोठी अशा दोन टेकड्यांवर होतात. त्याने १९८४ला सारायेवोत मोठ्या टेकडीवर सुवर्ण घेतलं आणि १९८८ला कॅल्गरीत तर दोन्ही वैयक्तिक सुवर्णं आणि वर सांघिकही. स्वित्झर्लंडच्या सिमॉन अम्मानने २००२ला दोन आणि २०१०ला दोन अशी चार वैयक्तिक सुवर्णं नेली. आहोनेनला तर दहाहून जास्त वैयक्तिक संधी मिळाल्या. एखाद्या वेळी नशीब फिरतं हे समजू शकतं, पण सात ऑलिम्पिकमध्ये? इतक्या संधींत नशीब सरासरीवर येतंच, आणि उरतो तो माणसाचा कस.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि त्यातला एक भाग मी विनाअट मान्य करतो. नेमक्या दिवशी नेमकी उडी साधणं ही स्वतंत्र कला आहे, आणि निकानेन व अम्मान या दोघांनाही ती साधली होती. अम्मान सॉल्ट लेक सिटीला गेला तेव्हा विश्वचषकाची एकही स्पर्धा त्याच्या नावावर नव्हती, आणि महिनाभर आधी तो जबर आपटलेला होता. तरी विसाव्या वर्षी त्याने दोन्ही सुवर्णं जिंकली. याला केवळ योगायोग म्हणणं हा त्या मुलाचा अपमान होईल. पण एक कला मोठी आहे एवढ्यावरून दुसरी कला खोटी कशी ठरते?

इथे खेळ जरा जवळून पाहावा लागतो, कारण आपल्याकडे तो फारसा बघितला जात नाही. उडी मारणारा बर्फाच्या घसरणीवरून ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने खाली येतो आणि टोकाला क्षणार्धात झेपावतो. अंतराचे गुण टेकडीवर आखलेल्या एका रेषेपासून मोजतात. मोठ्या टेकडीवर रेषेपलीकडच्या प्रत्येक मीटरला १.८ गुण वाढतात, अलीकडच्या प्रत्येक मीटरला तेवढेच कापले जातात. शिवाय पाच पंच प्रत्येकी वीसपैकी शैलीचे गुण देतात, त्यातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा सोडून उरलेल्या तिघांचे धरतात. आता वारा. आपल्याला वाटतं पाठीमागून येणारा वारा ढकलत पुढे नेईल. इथे उलटं असतं. समोरून येणारा वारा उडणाऱ्याला खालून उचलून धरतो, पाठीमागचा वारा त्याला जमिनीकडे दाबतो. एकाच फेरीत दहा मिनिटांच्या अंतराने उडी मारणाऱ्या दोघांच्या वाट्याला दोन वेगळे वारे येऊ शकतात. या अन्यायाची भरपाई करणारे गुण विश्वचषक मालिकेत नियमितपणे लागू झाले ते २०१०-११च्या मोसमापासून. म्हणजे आहोनेनच्या ऐन भराच्या काळात एकाही ऑलिम्पिकमध्ये अशी भरपाई नव्हती.

पण मी वर म्हटलं तसं, मला वाऱ्याच्या नावाने गळा काढायचा नाही. वारा खरंच सगळ्यांना असतो. मुद्दा मोजमापाचा आहे. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण ठरतं दोन उड्यांवर. दोन उड्या सांगतात त्या संध्याकाळी सर्वांत पुढे कोण गेला. सर्वांत चांगला उडी मारणारा कोण, हे त्या सांगू शकत नाहीत, कारण त्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका ऐवजच त्यांच्यात नसतो. राहिला सरासरीचा प्रश्न. दहा-बारा संधी चोवीस वर्षांवर पसरलेल्या आहेत. त्यातल्या पहिल्या वेळी तो सोळा वर्षांचा होता आणि शेवटच्या वेळी चाळीस. ऐन बहरातल्या वर्षांत हातात पडलेल्या संधी मोजल्या तर त्या चार-सहा भरतात. चार-सहा वेळा नाणं उडवून नाण्याचा स्वभाव ठरवणारा माणूस आपल्याला शहाणा वाटेल का?

२००२ची सांघिक स्पर्धा घ्या. प्रत्येक संघाचे चार जण, प्रत्येकाच्या दोन उड्या, एकूण आठ. मॅटी हाउतामाकी, व्हेली-मॅटी लिंडस्ट्रम, रिस्टो युसिलाइनेन आणि आहोनेन असा फिनलंडचा संघ होता. निकाल लागला तो असा: जर्मनी ९७४.१, फिनलंड ९७४.०. एक दशांश गुण! १.८ गुणांना एक मीटर या हिशेबाने हा फरक होतो साडेपाच सेंटिमीटरचा, आणि तोही आठ उड्यांच्या बेरजेत. गंमत अशी की अंतराची नोंद अर्ध्या मीटरच्या टप्प्याने होते. म्हणजे साडेपाच सेंटिमीटर हे त्या मोजणीला एरवी दिसतच नाहीत. आठपैकी कोणत्याही एका उडीत पंचांचे धरले गेलेले गुण अर्ध्याने जरी वाढले असते तर आहोनेन आज ऑलिम्पिक सुवर्णविजेता म्हणून ओळखला गेला असता, आणि हा वादच उद्भवला नसता. जर्मनांचं सुवर्ण यामुळे तसूभरही कमी होत नाही, नियमाने ते त्यांचंच. पण मला एवढंच सांगा, त्या अर्ध्या गुणाने आहोनेनच्या बाकी पंचवीस वर्षांत नेमकं काय बदललं असतं? एकही उडी लांब झाली नसती, एकही आखूड झाली नसती. ज्या पट्टीवर माणूस काहीच न बदलता थोर किंवा सामान्य ठरतो, ती पट्टी त्या माणसाला मोजत असते असं कसं म्हणायचं?

याच्या शेजारी फोर हिल्स ठेवून पाहा. ओबर्स्टडॉर्फ, गार्मिश-पार्टेनकिर्शेन, इन्सब्रुक, बिशॉफ्सहोफेन. दहाएक दिवसांत चार वेगवेगळ्या टेकड्या, प्रत्येकीचा उतार वेगळा, वाऱ्याची तऱ्हा वेगळी, आणि आठ उड्यांची सरळ बेरीज. एक उडी फसली की मालिका हातची गेली. १९५३पासून चालत आलेली ही परीक्षा या खेळातले लोक ऑलिम्पिकच्या तोलाची मानतात, काही जण वरचढही. आहोनेनने ती पाचदा जिंकली. अम्मानला ती कधीच जिंकता आली नाही. २००५-०६ला तर आठ उड्यांनंतर आहोनेन आणि चेक प्रजासत्ताकाचा याकूब यांडा दोघांचेही १०८१.५ गुण झाले, आणि दोघांनाही विजेते घोषित केलं गेलं. त्यामुळे यांडाचं यश कोणी अर्धं मानलं नाही, आहोनेनचंही नाही. ‘मोक्याच्या क्षणी कच खाणारा’ असा शिक्का ज्याच्यावर मारतात, त्याने आठ-आठ मोक्याचे क्षण ओळीने निभावून नेले, आणि तेही पाच वेळा, याचं काय करायचं?

२००५च्या मार्चमधली प्लानित्साची उडी मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. स्लोव्हेनियातली ही टेकडी उडीसाठी नव्हे, उड्डाणासाठी, म्हणजे नेहमीपेक्षा खूप लांब झेपांसाठी बांधलेली. त्या दिवशी नॉर्वेच्या ब्योर्न आयनार रोमोरेनने २३९ मीटरचा जागतिक विक्रम केला होता. त्यानंतर आहोनेन आला आणि २४० मीटरवर जाऊन पडला. उतार संपून जिथे जमीन सपाट व्हायला लागते तिथपर्यंत तो उडत गेला होता, आणि त्या सपाटीवर उभं राहणं शक्य झालं नाही. पडल्यामुळे विक्रम धरला गेला नाही. नियम योग्यच आहे. उतरून उभं राहणं हा उडीचाच भाग आहे, आणि ते मोजलं नाही तर हा खेळ जीव गमावण्याची शर्यत होईल. पण तोवर कोणी माणूस स्कीवरून तेवढं लांब गेलेला नव्हता, हेही तितकंच खरं आहे. नोंदवही आणि घडलेली गोष्ट नेहमी एकच नसतात. नोंदवहीचा मान राखूनही घडलेली गोष्ट सांगता येते, आणि खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती सांगायलाच हवी.

लाहतीनेच या वादाला आणखी एक उदाहरण दिलेलं आहे. टोनी निएमिनेन त्याच गावचा, आहोनेनपेक्षा दोन वर्षांनी मोठा. १९९२ला आल्बरव्हिलमध्ये सोळाव्या वर्षी त्याने मोठ्या टेकडीचं सुवर्ण, सांघिक सुवर्ण आणि लहान टेकडीचं कांस्य घेतलं. त्याच मोसमात विश्वचषक आणि फोर हिल्सही. १९९४ला प्लानित्सात २०० मीटरपलीकडे जाऊन उभा राहिलेला पहिला माणूसही तोच. त्यानंतर ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. निएमिनेनबद्दल मला निखळ आदर आहे. त्या एका हिवाळ्याने जे पाहिलं ते पुन्हा क्वचितच कोणी पाहिलं असेल. पण ऑलिम्पिक सुवर्ण हीच अंतिम कसोटी मानली तर त्याचा एक हिवाळा आहोनेनच्या पंचवीस हिवाळ्यांपेक्षा जड ठरतो. हा निष्कर्ष खुद्द सुवर्णवाद्यांना तरी पटतो का? पटत नसेल, आणि माझा अनुभव आहे की बहुतेकांना पटत नाही, तर मग ते कारकीर्द मोजताना मनातल्या मनात दुसरंच काहीतरी वापरत असतात. ते उघडपणे वापरावं एवढीच माझी मागणी आहे.

खेळाचा इतिहास याबाबतीत आपल्यापेक्षा उदार राहिलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने साठच्या दशकात लांब पल्ल्याच्या धावण्यात जागतिक विक्रमांची रास घातली. ऑलिम्पिकमध्ये मात्र त्याला १९६४च्या तोक्योतलं एक कांस्य तेवढं मिळालं, आणि १९६८ला मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत तो दहा हजार मीटर संपवून कोसळलाच. १९६६ला तो प्रागला गेला होता तेव्हा एमिल झाटोपेकने निरोप देताना त्याच्या हातात एक लहानसं पुडकं ठेवलं. विमान उडाल्यावर क्लार्कने ते उघडलं, तर आत झाटोपेकचं १९५२च्या हेलसिंकीतलं दहा हजार मीटरचं सुवर्णपदक होतं. झाटोपेकला पदकाची किंमत कळत नव्हती असं कोणी म्हणेल? ज्याने एका ऑलिम्पिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन तिन्ही जिंकल्या, त्याच्याइतकी ती कोणाला कळली असेल? तरी क्लार्कचं मोठेपण पदकाच्या यादीत मावत नाही हे त्याने ओळखलं होतं.

त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य जिंकलं. आपल्याकडच्या पदकवेडाची मुळं शोधायला तिथपर्यंत जावं लागतं. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६पर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्या दुष्काळात आपल्याला चौथे क्रमांक उराशी धरायची सवय लागली. मिल्खासिंग म्हटलं की रोम १९६० आठवतं. १९५८च्या कार्डिफमधलं त्यांचं राष्ट्रकुल सुवर्ण आणि आशियाई स्पर्धांमधली चार सुवर्णं किती जणांना चटकन सांगता येतील? पी. टी. उषा म्हटलं की लॉस एंजेलिसमधला तो सेकंदाचा शंभरावा भाग. सोल १९८६मध्ये तिने एकाच आशियाई स्पर्धेत चार सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं होतं, ते मागे पडलं. माणसाने जे केलं त्यापेक्षा त्याचं जे थोडक्यात हुकलं तेच आपण जास्त जपतो, आणि त्याला सहानुभूती म्हणतो. आहोनेनची बाजू घेणारे नेमकं हेच करतात, म्हणून मला त्यांचा राग अधिक येतो. त्याचे तीन चौथे क्रमांक त्यांना तोंडपाठ असतात, ३६ विजयांपैकी सहा सांगा म्हटलं तर ते अडखळतात.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. खुद्द आहोनेनलाच ते सुवर्ण हवं होतं. २००८ला निवृत्त झालेला माणूस २००९ला परत आला तो व्हँकुव्हरचं ऑलिम्पिक डोळ्यांसमोर ठेवून. २०११ला पुन्हा थांबला, २०१३ला सोचीसाठी पुन्हा आला. ज्याने त्या पदकासाठी दोनदा निवृत्ती मोडली, त्याच्या वतीने पदक गौण आहे असं सांगणारे आपण कोण? खरं आहे. पदक गौण आहे असं मी म्हणतच नाही. त्याला ते हवं होतं, मिळालं नाही, आणि त्याचं दुःख त्याचंच आहे, ते आपण पुसायला जाऊ नये. पण खेळाडूच्या मनातली ओढ आणि त्याच्या कारकिर्दीवरचा आपला निवाडा या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला आणखी एक गोष्ट हवी होती, एवढ्यावरून आधीच्या गोष्टी रद्द होत नाहीत. सरकारी पैशाचंही तसंच. क्रीडा संघटनांनी चार वर्षांच्या आराखड्यात ऑलिम्पिक पदकाचं लक्ष्य ठेवणं समजण्यासारखं आहे, पैसा कुठे घालायचा याला काहीतरी निकष लागतोच. तो निकष माणसाच्या चरित्रात घुसवायचं मात्र काही कारण नाही. फिनलंडला तर याचा अनुभव आहे. त्यांचं स्की जम्पिंगमधलं शेवटचं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण १९९८चं, यानी सोइनिनेनचं. केवळ त्यावरून पाहिलं तर १९९९ ते २००८ हा काळ उतरणीचा दिसतो. प्रत्यक्षात त्याच काळात आहोनेन जगभरच्या टेकड्यांवर राज्य करत होता. खरी ओहोटी लागली ती नंतर: २००६च्या रौप्यपदकांनंतर २०२२पर्यंतच्या चार ऑलिम्पिकमध्ये फिनलंडला या खेळात एकही पदक नाही. पदकाच्या पट्टीला भरती आणि ओहोटी यांतला फरकही नीट दाखवता आला नाही.

सुवर्णवाद्यांना माझं शेवटचं सांगणं २०१०च्या व्हँकुव्हरमधल्या लहान टेकडीबद्दल आहे, आहोनेनच्या तिसऱ्या चौथ्या क्रमांकाबद्दल. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. वर्षभराहून अधिक काळ खेळाबाहेर राहून परतला होता, आणि त्याच मोसमात फोर हिल्समध्ये दुसरा आलेला होता. त्याच्या पुढे तिघे होते. पहिला अम्मान. दुसरा पोलंडचा अ‍ॅडम मालिश, ज्याने चार वेळा विश्वचषक मालिका जिंकली. तिसरा ऑस्ट्रियाचा ग्रेगोर श्लिरेनत्सावर, जो पुढे विश्वचषकाच्या ५३ वैयक्तिक स्पर्धा जिंकून निकानेनच्या ४६चा विक्रम मोडून गेला. मालिशला वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण कधीच मिळालं नाही. श्लिरेनत्सावरलाही नाही. म्हणजे ही कसोटी लावली तर त्या दिवशीच्या पहिल्या चारांतला एकटा अम्मान थोर, आणि सर्वाधिक विजयांचा विक्रम करणारा, चार मालिका जिंकणारा आणि पाच फोर हिल्स जिंकणारा हे तिघेही नापास. एका पिढीतले इतके जण ज्या परीक्षेत नापास होतात, तिथे नापास झालेल्यांची कारणं शोधत बसायचं, की प्रश्नपत्रिका तपासायची?